उत्सर्जनाचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र : नळीच्या पुढचंही मोजा

गाड्या, बॉयलर, जनरेटर, कारखान्यांच्या चिमण्या यांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या, त्यांच्या टेस्ट कशा घ्यायच्या ते ठरवणाऱ्या आणि हवेचा रोजचा आकडा जाहीर करणाऱ्या सगळ्या मंडळींना,

स.न.वि.वि.

मी स्मॉग चेंबरवर काम करणारी, म्हणजे मोठ्या टेफ्लॉनच्या पिशवीत धूर भरायचा, यूव्ही दिवे लावायचे आणि त्या धुराचं पुढे काय होतं ते तासन् तास बघत बसायचं, हे आमचं काम. त्यामुळे हे पत्र थोडं वैतागून लिहिलंय असं वाटलं तर चालवून घ्या. तुमचे मसुदे, तुमच्या टेस्टच्या पद्धती वाचल्या की दर वेळी एकच गोष्ट खटकते. तुम्ही धूर बाहेर पडायच्या नळीच्या तोंडाशी मोजता, तो आकडा उत्सर्जनाच्या यादीत टाकता, यादी हवेचं गणित मांडणाऱ्या मॉडेलवाल्यांकडे जाते, त्यावरून मर्यादा ठरते, आणि या सगळ्या प्रवासात कुठेही कुणी विचारत नाही की बाबा नळीतून निघालेली ही गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारी तीच राहिलेली असते का? नसते. ऑर्गॅनिक कणांच्या बाबतीत तर अजिबात नसते.

ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनची संयुगं, हे तुम्हाला माहीत आहेच. एक मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांच्या वजनात यांचा वाटा जागेनुसार साधारण २० ते ९० टक्के, म्हणजे हा काही कोपऱ्यातला विषय नाही. आणि त्यातला मोठा भाग नळीतून कण म्हणून बाहेरच पडलेला नसतो, तो वाफ म्हणून निघतो आणि हवेत कण होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात सूर्यप्रकाश, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून केमिस्ट्री चालते हे हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, आणि जंगलांवर दिसणारी निळसर झाक झाडांनी सोडलेल्या वाफांपासून बनते असं फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये मांडलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे माहीत आहे, तरी टेस्ट अजून नळीपाशीच अडकलीय.

आता हे बदल करतं कोण? मुख्य काम दिवसा ओएच रॅडिकल करतो, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा अर्धवट, भलताच अधाशी तुकडा. ओझोनवर यूव्ही पडलं की त्यातून एक उतावीळ ऑक्सिजनचा अणू सुटतो, तो पाण्याच्या वाफेच्या रेणूला भिडतो आणि दोन ओएच तयार होतात. दुपारच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये हे असतात फक्त काही दहा लाख, आणि तेवढ्याच जागेत हवेचे एकूण रेणू किती, तर २५ वर १८ शून्यं. म्हणजे शोधायला गेलं तर सापडणार नाही इतका हा दुर्मीळ, आयुष्य एका सेकंदापेक्षाही कमी, पण जवळजवळ कुठल्याही ऑर्गॅनिक रेणूचा हायड्रोजन ओढून घेण्याची ताकद त्याच्यात आहे. रात्री ऊन नसलं की हा मंदावतो आणि नायट्रेट रॅडिकल पाळी सांभाळतो, जो दिवसा उन्हात काही सेकंदांत फुटून जातो म्हणून फक्त अंधारातच टिकतो. ओझोन दोन्ही पाळ्यांत असतो, पण तो जास्त करून दुहेरी बंध असलेल्या रेणूंच्याच मागे लागतो. म्हणजे रात्री सोडलेला धूर आणि दुपारी सोडलेला धूर यांचा पुढचा प्रवास वेगळा होतो, एवढं साधं गणितसुद्धा वार्षिक सरासरीत गायब होऊन जातं.

हायड्रोजन गेला की त्या रेणूला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि मग दोन वाटा फुटतात, आणि माझ्या मते सगळी मजा इथेच आहे. पहिली वाट म्हणजे रेणू अख्खा राहतो आणि त्याच्यावर ऑक्सिजनवाले गट चढत जातात. एक अल्कोहोलचा गट चढला तर त्या रेणूचा वाफ होण्याचा कल साधारण शंभरपट कमी होतो, कार्बोनिल चढला तर दहापटीच्या आसपास, आणि ॲसिडचा गट चढला तर त्याहून बराच जास्त. आता विचार करा, डिझेलच्या धुरात १५-२० कार्बनचे रेणू असतात जे धड वाफ नाहीत धड कण नाहीत, त्यांच्यावर असे एक-दोन गट चढले की ते हवेत राहूच शकत नाहीत, जो कण समोर येईल त्याच्यावर जाऊन बसतात आणि कणाचं वजन वाढतं. दुसरी वाट म्हणजे कार्बनची साखळीच तुटते, तुकडे लहान होतात, लहान तुकडे कणातून उडून जातात आणि शेवटी फॉर्मिक ॲसिड, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड अशा टोकाला पोचतात. साधारणपणे सुरुवातीला पहिली वाट जोरात असते, आणि रेणूवर ऑक्सिजन जितका चढत जातो तितकी दुसरी वाट वरचढ होते. म्हणून एकाच धुराचं वजन आधी वाढतं आणि पुरेसा वेळ मिळाला तर नंतर कमीही होतं, आणि कुठल्या तासाला तुम्ही मोजताय त्यावर उत्तर अवलंबून राहतं. तुम्ही शून्याव्या तासाला मोजता.

तिसरी एक वाट आहे, खरं तर शॉर्टकट. काही रेणू, विशेषतः पाइनच्या झाडांतून येणारा अल्फा-पायनिन, ओझोनने एकदा धक्का दिला की स्वतःचेच हायड्रोजन इकडून तिकडे फिरवत हवेतला ऑक्सिजन एकामागून एक आत घेत जातात, बाहेरून दुसरा धक्का लागतच नाही. २०१४ मध्ये हे सविस्तर दाखवलं गेलं, आणि त्यातून बनणारी संयुगं इतकी जड की ती परत वाफ होण्याचा प्रश्नच उरत नाही. पाठ्यपुस्तकात हे सगळं टप्प्याटप्प्याने, तासन् तास चालतं असं शिकलेल्या लोकांना तो चांगलाच झटका होता.

चेंबरमध्ये हे डोळ्यांसमोर दिसतं म्हणून मला तुमची अडचण कळत नाही, कदाचित तुम्ही कधी बघितलं नसेल. आमच्याकडे एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर असतो, त्यात कण सुमारे ६०० अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागावर आपटून वाफ होतात, त्या वाफेवर इलेक्ट्रॉन मारले की तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या वजनाप्रमाणे स्क्रीनवर एकेक पीक उभं राहतं. डिझेलचा ताजा धूर भरला की ५७ वर टकाटक उंच पीक दिसतं, तो चार कार्बनचा निव्वळ हायड्रोकार्बनचा तुकडा, शेजारी ४३, ५५, ७१, सगळी तेलकट मंडळी. मग दिवे लावायचे. थोड्या वेळात ५७ चा वाटा खाली यायला लागतो आणि ४४ वर येतं. ४४ म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर ॲसिडमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रेणूंवर ऑक्सिजन चढल्याची सरळ पावती. कार्बनच्या शंभर अणूंमागे ऑक्सिजनचे दहाही नसतात तिथून सुरुवात होते आणि वातावरणात भरपूर फिरून आलेल्या कणांत हाच आकडा ८० च्या पुढेही गेलेला दिसतो. पिशवी तीच, बाहेरून काही भरलेलं नाही, आणि तरी आतली वस्तू पार वेगळी झालेली असते. नळीच्या तोंडाशी घेतलेल्या आकड्यावरून तिच्याबद्दल बोलणं म्हणजे जन्मदाखला बघून माणसाची आजची तब्येत सांगण्यासारखं आहे.

आता तुमच्या टेस्टबद्दल बोलते, कारण पत्र त्यासाठीच आहे. गाडीचा धूर टनेल नावाच्या लांब नळकांड्यात हवा मिसळून थोडा पातळ करता आणि फिल्टरवर घेता, अमेरिकेच्या नियमात फिल्टरपाशी तापमान ४२ ते ५२ अंशांत ठेवायचं असतं. टनेलमध्ये धूर पातळ होतो तरी बाहेरच्या हवेच्या मानाने तो अजून प्रचंड दाटच असतो, आणि दाट धुरात अर्धवट वाफाळ रेणू कणांना चिकटून बसतात. खऱ्या रस्त्यावर तोच धूर बघता बघता हजारपट पातळ होतो आणि चिकटलेले रेणू सुटून वाफ होतात. म्हणजे फिल्टरवर तुम्ही कण म्हणून मोजलेलं काही बाहेर कण राहतच नाही, आणि जे वाफ झालं त्याच्यावर दिवसभरात ओएच काम करतो आणि ते वेगळ्या रूपात परत कण होऊन येतं, ते तुमच्या फिल्टरवर कधीच नव्हतं. दोन्हीकडून चूक, आणि दोन चुका एकमेकींना काटतील अशी कुठलीही खात्री नाही.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने डिझेलच्या धुरावर नेमकं हेच दाखवलं. पातळ केल्यावर ऑर्गॅनिक कणांचा मोठा भाग वाफ झाला, मग दिवे लावल्यावर त्या वाफांतून झपाट्याने नवं ऑर्गॅनिक वजन तयार झालं, आणि त्या वाफांपैकी बऱ्याच कुठल्याच यादीत धरलेल्या नव्हत्या. पेट्रोलच्या गाड्यांवरच्या नंतरच्या कितीतरी प्रयोगांत तर दुय्यम कणांचं, म्हणजे वाफांपासून हवेत बनलेल्या कणांचं, वजन नळीतून निघालेल्या कणांच्या अनेक पट भरलं. म्हणजे टेस्टमध्ये एकदम स्वच्छ ठरलेली गाडी उन्हात फिरून आल्यावर तितकी स्वच्छ राहीलच असं नाही, आणि ग्राहकाला हे कळायला काही मार्गच नाही.

आणि युरोपातून आलेली कण मोजायची पद्धत घ्या. त्यात धूर ३०० अंशांहून जास्त तापवतात, कशासाठी, तर वाफ होणारं सगळं उडून जावं आणि फक्त घट्ट कण, तेही इतकी वर्षं २३ नॅनोमीटरच्या वरचे, मोजले जावेत. कारण मला माहीत आहे, वाफांतून थेट जन्मणारे बारीक कण थंडी, ओलावा, नळीची लांबी अशा फालतू गोष्टींवरही कमीजास्त होतात आणि दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. मान्य. पुनःपुन्हा तेच उत्तर यावं ही टेस्टची गरजच आहे, आणि या पद्धतीमुळे गाड्यांना काजळीचे फिल्टर बसले, काजळी कमी झाली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जुळत नाही म्हणून उडवून लावलेली गोष्ट हवेतून उडून जात नाही ना. नवीन नियमात २३ ऐवजी १० नॅनोमीटरपर्यंत खाली उतरलात, छान, तापवणं मात्र तसंच आहे.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की झाडंच केवढ्या वाफा सोडतात, मग गाड्यांवर एवढी मेहनत कशाला. खरं आहे, एकट्या आयसोप्रीनचंच बघा, जगभरातली झाडं वर्षाला साधारण ५० कोटी टन सोडतात, आणि बरीच वर्षं समजूत होती की त्याच्यापासून कण होत नाहीत, मग २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कणांत त्याची खूण सापडली आणि समजूत गेली. पण आयसोप्रीनच्या एपॉक्साइडना (हवेत त्याच्यावर ऑक्सिजन चढून बनलेली संयुगं) कणात शिरून बसायला आम्लधर्मी सल्फेट लागतं, आणि ते सल्फेट बऱ्याच ठिकाणी कोळशाच्या सल्फर डायऑक्साइडमधून येतं. रात्रीच्या नायट्रेट रॅडिकलला नायट्रोजन डायऑक्साइड लागतो, तो इंजिनांतून येतो. म्हणजे कार्बन झाडाचा आणि त्याला कण करणारं रसायन आपलं. तुमच्या यादीत ‘नैसर्गिक’ आणि ‘मानवी’ असे दोन स्वच्छ रकाने आहेत, हवेत तसे रकाने नसतात.

आता एक वेगळीच भानगड. लॅबमध्ये ओलेइक ॲसिडचा शुद्ध थेंब ओझोनमध्ये ठेवला तर मिनिटांत खलास होतो. १८ कार्बनची साखळी, बरोब्बर मध्ये दुहेरी बंध, ओझोन तिथेच घाव घालतो आणि नऊ-नऊ कार्बनचे तुकडे पडतात, नोनॅनाल उडून जातो, ॲझेलेइक ॲसिडसारखे जड मागे राहतात. शाळेत दाखवावी इतकी सरळ रिॲक्शन. पण खऱ्या हवेतल्या कणांत हेच ओलेइक ॲसिड तासन् तास, कधी दिवसभरही सापडतं. का? कारण कणात ते एकटं नसतं, बाकीच्या रेणूंच्या दाट, चिकट गिचमिडीत अडकलेलं असतं आणि ओझोनला आतपर्यंत पोचायलाच वेळ लागतो.

हा चिकटपणा किती असू शकतो ते २०१० मध्ये फिनलंडच्या लोकांनी भारी पद्धतीने दाखवलं. पाइनच्या वाफांपासून बनलेले कण त्यांनी इम्पॅक्टरच्या (कण आकारानुसार टप्प्याटप्प्याने पकडणारं यंत्र) पट्टीवर जोरात सोडले. द्रव थेंब असते तर पट्टीला चिकटून बसले असते. हे टणकन उसळले आणि खालच्या टप्प्यावर जाऊन पोचले. म्हणजे कोरड्या हवेत हे कण जवळपास काचेसारखे घट्ट असतात, ओलावा वाढला की मऊ होतात. बरं, याचा तुमच्याशी काय संबंध? बेंझोपायरीन, कॅन्सरवालं, ते अशाच घट्ट ऑर्गॅनिक थराखाली झाकलं गेलं की ओझोनपासून वाचतं आणि वारं नेईल तिथे, पार दुसऱ्या खंडापर्यंत जातं. २०१७ मध्ये हे झाकण मॉडेलमध्ये घातल्यावरच दूरदूरच्या ठिकाणी मोजलेले आकडे मॉडेलशी नीट जुळायला लागले. गरम, दमट हवेत हे झाकण सैल पडतं, तिथे ते लवकर नष्ट होतं. तेव्हा एकच आयुष्यमान सगळ्या हवामानांना लावून मोकळं होऊ नका.

स्रोत ओळखण्याच्या धंद्यातही हाच घोळ. लाकडाचा धूर किती ते सांगायला लेव्होग्लुकोसन मोजतात, सेल्युलोज जळलं की बनतं, दुसरीकडून फारसं येत नाही, म्हणून खूण उत्तम, आणि बरीच वर्षं ते हवेत टिकतं असं धरूनच गणितं झाली. २०१० मध्ये चेंबरमध्ये तपासलं तर उन्हाळ्यातल्या ओएचपुढे त्याचं आयुष्य ०.७ ते २.२ दिवस निघालं. म्हणजे धूर लांबून आला असेल तर त्यात लाकडाचा वाटा तुम्ही कमी धरला असणार, आणि ते खापर दुसऱ्याच कुणावर फुटलं असणार. तपकिरी कार्बनचंही, म्हणजे धुरातल्या ऊन शोषणाऱ्या रंगीत ऑर्गॅनिक संयुगांचंही, तेच. वणव्याचा धूर ऊन शोषतो म्हणून हवामानाच्या गणितात धरतात, पण अमेरिकेतल्या वणव्यांच्या मागे विमान घेऊन गेलेल्यांना त्याचा रंग ९ ते १५ तासांत निम्म्यावर आलेला दिसला. रात्री नायट्रेट रॅडिकलमुळे काही धूर उलट आणखी गडदही होतो. कुठल्या वेळचा धूर, किती तासांचा, हे न लिहिता ‘तपकिरी कार्बन इतका’ असं लिहिण्यात अर्थ नाही.

तब्येतीचं विचाराल तर मी इथे सावध राहीन. वय वाढलं की कण जास्त विषारी होतो असं सरसकट म्हणणं चूक ठरेल. ऑक्सिडेशनमध्ये पेरॉक्साइड आणि क्विनोन बनतात जे पेशींत गडबड करू शकतात, काही पेरॉक्साइड काही तासांत विघटनही पावतात, आणि मूळचे काही घातक रेणू नष्ट होतात. दोन्ही चालू असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी बघा, पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांसाठी, वर्षाची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम, दिवसाची १५, आणि हे सगळं वजन. वजनात मीठ, धूळ, काजळी, ताजं तेल, जुनं ॲसिड सगळे सारखेच मोजले जातात. वजन मोजणं सोपं आहे म्हणून ते करा की, माझी ना नाही, पण तेवढ्यावर थांबायचं कशाला? ढगांचंही तसंच, ताज्या तेलकट कणाला पाणी जवळजवळ चिकटतच नाही, आणि ऑक्सिजन चढलेला कण पाणी ओढतो आणि ढगाच्या थेंबाचं बी बनतो, शिवाय त्या थेंबाच्या आत परत ग्लायऑक्साल नावाच्या वाफेपासून ऑक्सॅलिक ॲसिड बनायचं काम सुरू होतं. पाऊस येऊन धुऊन नेईपर्यंत साधारण आठवडाभर कण हवेत असतो आणि तेवढा वेळ हे चालूच.

आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकून ठेवलं. पिशवीच्या भिंतीला वाफा चिकटतात, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या लोकांनी दाखवलं की त्यामुळे दुय्यम कणांचं वजन चारपटीपर्यंत कमी मोजलं जाऊ शकतं. फ्लो रिॲक्टर नावाची नळी असते, तिच्यात भरमसाट ओएच सोडून काही मिनिटांत कित्येक दिवसांचं वय देता येतं, पण एवढ्या घाईत केमिस्ट्री थोडी वेगळी वळणं घेते. तेव्हा आमचे आकडे काही देववाणी नाहीत. पण लक्षात घ्या, भिंतीची चूक तुमच्या बाजूने पडते, म्हणजे खरा आकडा आमच्या आकड्याहून मोठा असण्याचीच शक्यता जास्त.

मग मागणं काय? सगळं एकदम बदला असं नाही म्हणत. मर्यादेसाठीची गरम टेस्ट राहू द्या. तिच्यासोबत तोच धूर खूप पातळ करून, थंड करून, फ्लो रिॲक्टरमधून एका दिवसाच्या ओएचइतकं वय देऊन परत मोजा, यंत्रं आहेत, पद्धती छापलेल्या आहेत, गाड्यांच्या मागे लावून वापरूनही झाल्यात. उत्सर्जनाच्या यादीत त्या अर्धवट वाफाळ रेणूंना जागा द्या. त्यांना वाफाळपणाच्या दहापटींच्या पायऱ्यांवर मांडायची रीत २००६ पासून आहे आणि बरीच मॉडेलं ती वापरतात, फक्त त्यांना भरायला तुमच्याकडून आकडे मिळत नाहीत म्हणून ते अंदाजाने काहीतरी गुणक लावून काम चालवतात. रंग, क्लीनर, परफ्यूम यांच्या वाफाही त्याच यादीत घ्या, गाड्या स्वच्छ होत गेल्या तसा त्यांचा वाटा मोठा झालाय आणि त्यांना नळीच नसते म्हणून त्या कुणाच्याच टेस्टमध्ये येत नाहीत. मोजणी केंद्रांपैकी निदान काहींवर वजनासोबत कणांची बनावट मोजणारं यंत्र ठेवा, आणि ४४ चा वाटा रोज छापा, लोकांना पहिले काही महिने कळणार नाही, मग कळेल, पीएम २.५ तरी कुठे आधी कळत होतं.

आणि पुढच्या मसुद्याच्या तक्त्यात दोन रकाने करा, एक नळीपाशी मोजलेला, दुसरा एक दिवस वय दिलेला. दुसऱ्या रकान्यात अजून मर्यादा घालू नका हवं तर, फक्त आकडा भरायला लावा. मसुद्यावर हरकती घ्यायची मुदत असते तेव्हा हे पत्र पुन्हा पाठवीन, तेव्हा मात्र सोबत पानंभर आलेख असतील.

आपली,
चेंबरवाली एक